तीन लेन्स, आई आणि लोधिवलीचं खळं

पगारातून साठवून घेतलेला एसएलआर कॅमेरा घरी आला तेव्हा त्याच्या तोंडावर नुसतं काळं झाकण होतं. बॉडी नवी, पण लेन्स नाही. दोन्ही एकदम घ्यायचं तर आणखी वर्षभर थांबावं लागलं असतं आणि तेवढा धीर माझ्यात नव्हता. मुंबईत फोर्टातल्या दुकानदारांनी यावर तोड काढली. वापरलेल्या तीन लेन्स माझ्यापुढे मांडल्या: अठ्ठावीस, पन्नास आणि एकशेपस्तीस मिलिमीटर. शनिवार-रविवार वापरून बघा, सोमवारी एक ठेवा, दोन परत करा. कित्येक महिने मी त्यांच्या काउंटरपाशी उभी राहून शंका विचारत होते, त्या ओळखीवर मिळालेली ही सवलत. सोबत सल्लाही मिळाला, की एकशेपस्तीसच घ्या. मुलीच्या जातीनं फोटो लांबूनच काढावेत, बरं दिसतं.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगते. एकशेपस्तीस लांबचं जवळ आणून दाखवते. पन्नास साधारण आपल्या डोळ्यांसारखी. अठ्ठावीसमध्ये जवळ उभं राहूनही पुष्कळ काही मावतं, पण जवळ जावं मात्र लागतं. पहिली लेन्स एकदा घेतली की पुढची काही वर्षं तिच्याच डोळ्यांनी जग बघायचं. म्हणून निवड चुकवायची नव्हती.

मी कर्जतला शाळेत भूगोल शिकवते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे लिहिताना मला अजूनही बरं वाटतं. पुस्तकात ‘कोकणातील भातशेती’ या धड्यात जो शेतकरी आहे त्याचं धोतर इस्त्रीचं आहे. वर्गातली मुलं ज्यांच्या पोटी जन्मली ती माणसं त्या चित्रात नाहीत. आपल्या तालुक्याची, शेजारच्या खालापूरची खरी माणसं वर्गाच्या भिंतीवर लावायची, एवढ्यासाठी मी कॅमेरा घेतला होता. तेव्हा लेन्सची परीक्षाही याच दोन तालुक्यांत घ्यायची ठरवलं.

एकटीनं जाण्यावर घरात चर्चा झाली. बाबा रेल्वेत खलाशी, बोलतात कमी. ते म्हणाले, जाऊ दे तिला. आई म्हणाली, जाऊ दे, पण मी बी जाते. लोधिवलीला माझी मावशी असते, तिच्याकडे भाताची झोडणी उरकत आली होती, हे तिला आयतंच कारण मिळालं. जुन्या गोधडीच्या तुकड्यांच्या तीन पिशव्या तिनं शिवल्या आणि लेन्स आपल्या ताब्यात घेतल्या. आकडे तिला पटले नाहीत. तिनं नावं ठेवली: बुटकी, मधली आणि लांबुडी.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर आम्ही भिवपुरीला गेलो. कर्जतच्या अलीकडचंच स्टेशन, उतरून पायी चालायचं. डोंगरावरून उतरणारे वीजकेंद्राचे भलेमोठे नळ दिसले की माझा नेहमी ऊर भरून येतो, आपल्याकडच्या पाण्यानं कुठे कुठे दिवे लागतात म्हणून. तिथे जाणार असाल तर ध्यानात ठेवा, केंद्राचे फोटो काढू देत नाहीत. पहारेकऱ्यानं लांबुडी बघितली आणि ही दुर्बीण कशाला आणली म्हणून हटकलं. आईनं त्याला मी कोणत्या शाळेतली बाई आहे ते इतकं सविस्तर ऐकवलं, की शेवटी त्यानंच आम्हाला पाणी दिलं. फोटो मात्र नाही.

मग मागे येऊन शेतांच्या बाजूनं डोंगर टिपला. लांबुडीनं तो अंगावर आणून ठेवला, दरडींच्या रेघांसकट. मला वाटलं, झालं, निवड झाली. तेवढ्यात वाडीवरच्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन पायवाटेनं उतरू लागल्या. मी बांधाआडून पुढच्या बाईचा चेहरा धरला. घाम, कपाळावरचं गोंदण, सगळं लख्ख. तिला कसं कळलं कोण जाणे. ती थांबली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. मागच्या सगळ्या तशाच वळल्या. कोणी रागावून बोललं नाही. मी कॅमेरा खाली घेतल्यावर त्या चालू लागल्या. आई म्हणाली, "तुझ्याकडे असं कोणी चोरून बघितलं असतं तर तू तरी उभी राहिली असतीस का गं?"

परतीच्या वाटेवर मी मधली आणि बुटकी लावून बघितली.

रविवारी सकाळच्या एसटीनं कर्जतहून चौक. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं आणि मध्येमध्ये पेंढ्याच्या उडव्या. खिडकी उजवीकडची धरा, म्हणजे माथेरानचा डोंगर सोबत राहतो. चौकला गरम कांदाभजी आणि चहा घेतला. दोघींचा दोन्ही दिवसांचा प्रवास आणि खाणंपिणं मिळूनही फिल्मच्या एका रोलच्या किमतीत बसलं, तेव्हा खर्चाला भिऊन कोणी थांबू नये. चौकहून लोधिवलीला पायी गेलो. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक वाऱ्यासारखे जातात, त्यामुळे मिळेल तिथे खालच्या बांधावरून चालावं.

मावशीच्या दारात गेल्या गेल्या मी लागले कामाला. मावशीचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, खळ्याच्या कडेला बसून सुपातलं भात न्याहाळत होते. सुरकुत्यांनी भरलेला असा चेहरा मी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता. म्हटलं, आबा, तुमचा एकट्याचा एक फोटो काढते.

शेजारी पाखडत बसलेल्या मावशीचा हात सुपातच थांबला. आबा मात्र हसले.

"एकट्याचा फोटू हाराला लागतो गं पोरी. मी अजून रास मापतोय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडेही भिंतीवर एकटं कोण असतं ते ठाऊक आहे. कॅमेरा हातात आला की माणूस आपल्याच घरची रीत विसरतं, एवढंच. मी म्हटलं, मग सगळ्यांचा काढू. आबा म्हणाले, सगळ्यांचा काढ, बसायला उठायला मात्र कोणी मोकळं नाय, आधी रास.

दुपार कलेपर्यंत भात वाऱ्यावर धरून वारवून झालं. शेणानं सारवलेल्या खळ्याच्या मधोमध भाताची पिवळी रास. तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी पायातलं काढून आत गेले. आई हात धुवायला बाहेर गेली होती ती तिथेच कडेला, लेन्सच्या पिशव्या घेऊन बसली. आबांनी पायली उचलली आणि रीत सुरू झाली: माप चालू झालं की खळ्यातलं माणूस बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही, आणि मोजणाऱ्याखेरीज कोणी बोलत नाही. पहिली पायली म्हणजे एक नव्हे.

"लाभ," आबा म्हणाले आणि पायली पोत्यात ओतली. "दोन."

माझ्या पाठीशी उडवी, पुढ्यात रास. मागे सरकायला जागा नाही. कॅमेऱ्यावर होती लांबुडी. डोळा लावला तर चौकटीत आबांचा चेहरा, फक्त चेहरा, काठोकाठ. तोंडानं आकडा पुटपुटतायत, पापण्यांवर भुसा बसलाय, मावळतीकडची उन्हं गालावर. त्यांचं लक्षही नव्हतं. बटण दाबलं असतं तर कोणाला कळलं नसतं. आणि फोटो, खरं सांगते, अप्रतिम झाला असता.

माझ्या बोटाला भिवपुरीची वाट आठवली असावी. मी ते उचललं.

पन्नास लावली असती तरी मावशी आणि तिचे यजमान, आमचे काका, अर्धे कापले गेले असते, हे दोन दिवसांत कळलं होतं. मी आईकडे बघून तळहात जमिनीजवळ नेला: बुटकी. आईला क्षणात उमगलं. तिनं पिशवी सोडली, बुटकी पदरात घेतली आणि खळ्याच्या कडेवरून हात आत लांबवला. मी कडेशी सरकून बसले. हवेत भुसा नुसता तरंगत होता, कॅमेऱ्याच्या पोटात कण गेला असता तर संपलंच. आईनं पदराचा तंबू केला, त्याखाली मी कॅमेऱ्याचं तोंड खाली करून लांबुडी काढली, बुटकी बसवली. फक्त आबांचे आकडे चालू होते.

पुन्हा डोळा लावला. सगळी होती. गुडघ्यावर बसलेले आबा, पोत्याचं तोंड धरलेले काका, सांडलेले दाणे गोळा करणारी मावशी, तिची सून, मागे सोडलेले बैल, त्यामागे डोंगर. पण आबा अजून लहान दिसत होते. म्हणून मी कडेकडेनं गुडघ्यांवर पुढे सरकले, राशीला पाय लागणार नाही इतकी जवळ, त्यांच्या पायलीपासून हातभर. भुसा अडवायला धरलेला आईचा पदरही बाहेरून सोबत सरकला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आकडा चुकवला नाही आणि पुन्हा पायली भरली. तेव्हा मी बटण दाबलं.

माप संपल्यावर तोंडं सुटली. मावशी आईला म्हणाली, "ताये, रीत मोडलीस. तुझा हात आला की खळ्यात."

"हातच आला," आई म्हणाली. "मी नाय आली."

आबा इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

परतताना खालापूरपर्यंत एका ओळखीच्या टेंपोनं सोडलं, तिथे हायवेवर चहा, मग खोपोली गाठून तिथून रेल्वेनं कर्जत. कर्जत, चौक, खालापूर, खोपोली असा हा फेरा एका दिवसात आरामात होतो. सामान कमी ठेवा आणि कोणाकडे तरी जेवायला जायचं असेल असंच निघा.

सोमवारी मी काउंटरवर ठेवलेल्या लांबुडी आणि मधली दुकानदारांनी बघितल्या.

"अठ्ठावीसची वाइड ठेवली? लोकांच्या किती जवळ जावं लागतं माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"लोक चिडतात हो."

"विचारून जाईन," मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बिलावर कोणाचं नाव घालू, वडिलांचं का, असं विचारलं. मी माझं सांगितलं.

त्या भिवपुरीच्या डोंगराचा फोटो चांगलाच आला आहे. एकशेपस्तीस वाईट नाही, ज्याला पक्षी किंवा कडे टिपायचेत त्यानं जरूर घ्यावी. माझं काम माणसांचं आहे.

खळ्याचा फोटो मोठा करायला दिला तेव्हा कर्जतच्या स्टुडिओवाल्यांनी प्रिंट दाखवून विचारलं, कोपऱ्यात हा कोणाचा तरी हात आलाय, कापून टाकू? हिरव्या बांगड्यांचा, पदर मुठीत धरलेला हात. बुटकीनं न सांगता तोही घेतला होता. मी नको म्हटलं. एक प्रत लोधिवलीला पाठवली, एक वर्गात लावली. तिसरी घरी दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई आबा दाखवते, रास दाखवते, मावशी दाखवते आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणते, "आणि ह्यो माझा."