काकडीचा धडा आणि वडिलांचं कलम

तळासरीच्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. त्यात परासरण हा माझा हातखंडा धडा. पुस्तकात प्रयोग बटाट्याचा होता, पण मी काकडी न्यायचो, कारण तास संपल्यावर ती खाता येते. चकत्यांना मीठ लावून ठेवायचो. बशीत पाणी जमलं की ऐटीत सांगायचो, "पेशीभोवती पातळ पटल असतं. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ नाही. म्हणून मीठ बाहेर जास्त झालं की आतलं पाणी बाहेर पळतं." पोरं वहीत लिहून घ्यायची. त्यांच्याबरोबर मीही लिहून घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं.

माझे वडील घोलवडच्या एका रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधायचे. चिकूची फांदी रायणीच्या रोपावर बांधतात. मूळ रायणीचं, चिवट, आणि वरचं झाड चिकूचं. काचबिंदूनं नजर जात चालली तेव्हा त्यांनी एक कलम माझ्यासाठी बांधलं. "घेऊन जा," म्हणाले. "हे शेवटचं. आता सांधा दिसत नाही." एसटीत ते मांडीवर घेऊन मी तळासरीला आलो. वाटेत कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागून माझी थट्टा केली.

दिवाळी झाली तरी अंगणात लावलेलं कलम वाढेना. होळीला वडील येणार होते. त्यांच्या हाताला चार पानं तरी जास्त लागावीत म्हणून मी बुंध्याशी मिश्र खताची एक ओंजळ घातली. मग, आपल्या वडिलांचं कलम आहे, हात आखडता कशाला, म्हणून आणखी एक. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, कीड. औषध फवारलं.

शेजारच्या मावशी भात-नागलीची शेती करायच्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, बुडात काय घातलंत?"

"खत."

"किती?"

मी ओंजळ करून दाखवली आणि हळूच म्हणालो, "दोन."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "आमची पोर परवा काकडी चिरून बसली होती. मीठ बाहेर जास्त झालं की आतलं पाणी बाहेर पळतं म्हणे. मला वाटलं, मास्तरांना काकडी खायची म्हणून काहीतरी सांगत असतील. पण खत म्हणजेही खारच ना?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"मग बघत काय बसलात? हंडा आणा."

संध्याकाळपर्यंत आम्ही हंड्यामागून हंडे ओतले, खार खाली धुऊन जावा म्हणून. तरी पानं गळालीच. फांदी काळी पडली. वडिलांना काय सांगायचं, याची मी आठ-दहा उत्तरं तयार केली; बहुतेकांत शेजाऱ्याच्या बकरीवर आळ होता.

आणि होळीच्या पंधरा दिवस आधी बुंध्याजवळून हिरवा कोंब फुटला. मी मावशींना हाक मारून दाखवला. कुंपण घातलं, रोज तांब्याभर पाणी मोजून घातलं. बकरीची उत्तरं सोडून दिली.

वडील आले ते थेट अंगणातच गेले. उकिडवे बसले, कोंब चाचपला, एक पान बोटांत धरलं आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"टोकाला खाच आहे," ते म्हणाले. "ही रायण. चिकू गेला तुझा."

मग मी सगळं सांगितलं. दोन ओंजळी, औषध, हंडे. ते ऐकत होते आणि त्यांचा हात मात्र खाली, आपण बांधलेल्या सांध्यावर होता. तिथली साल वाळून सुटली होती.

"शाळेत हेच शिकवतोस ना तू?"

"हो."

ते बराच वेळ हसले. मी कोंब छाटायला कात्री आणली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. एवढ्या खारातून मूळ वाचलंय. आता झाड त्याचं."

वडील आता नाहीत. रायण कौलांच्या वर गेली आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदा पिवळी, चिकट, बोटाच्या पेराएवढी फळं आली. मावशींच्या घरी ओंजळभर दिली. एकच.