बिनचित्राचा मग

त्या घरात मग पुष्कळ होते, पण शनिवारच्या चहाला बाहेर निघायचे ते चारच. तीन मगांवर एकेका पोराचा रंगीत चेहरा होता. चौथा पांढरा, कोरा, काठाला टवका उडालेला. तो मला मिळायचा.

हे माझ्या लक्षात यायला तीन शनिवार लागले, आणि मी स्वतःला हुशार समजतो. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला एका बिझनेस पार्कात मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने 'चालतंय' म्हणून सोडलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. पण संशय घ्यायला मी कंपनीत शिकलो नाही. तो नागपूरहून सोबत आणला होता, आणि विमानात त्याचं वजनही भरलं नाही.

एका बाईंच्या घरात वरची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, वाचनालयातून निवृत्त झालेल्या. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांच्या दोन मैत्रिणी यायच्या. एक उंच, पूर्वी बस चालवायची. दुसरी बुटकी, दोन्ही कानांत यंत्रं. तिघी पडदे ओढून टीव्हीसमोर बसायच्या आणि साठच्या दशकातली एक मालिका लावायच्या. चार पोरांचा बँड, त्यांच्या खोड्या, मध्येच पळापळ, मध्येच गाणं. गाणं लागलं की तिघी गळा मोकळा सोडून गायच्या. वर माझ्या खोलीत शब्दन् शब्द ऐकू यायचा.

पहिल्यांदा त्यांनी मला खाली बोलावलं ते डीव्हीडी अडकली म्हणून. मी ती काढून दिली. "चहा घेऊन जा, लव्ह," घरमालकीण बाई म्हणाल्या. त्या पोस्टमनलाही लव्ह म्हणायच्या आणि शेजारच्या मांजरालाही, त्यामुळे मी विरघळलो वगैरे नाही. मनात म्हटलं, फुकटचा मेकॅनिक मिळालाय यांना.

पुढच्या महिन्यात यंत्र धडधाकट होतं, तरी हाक आली. तेव्हा वाटलं, या चर्चवाल्या असणार. दोन-तीनदा चहा पाजतील आणि चौथ्यांदा हातात पत्रक देतील. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो इतका विचार करून, की पुढच्या दोन-तीन पिढ्यांना तो विचार पुन्हा करायला लागू नये. नम्रपणे नाही कसं म्हणायचं, ते वाक्य मी तयारच ठेवलं होतं. पत्रक काही आलं नाही. आली ती बिस्किटं.

तिसऱ्या शनिवारी खाली जायच्या आधी मी त्या बँडची माहिती काढली. आणि माझ्यातल्या टेस्टरला हवं ते सापडलं. तो बँड म्हणजे मुळात बँडच नव्हता. टीव्हीवाल्यांनी जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन चार पोरं निवडली होती. सुरुवातीच्या गाण्यांत वाजवणारे भलतेच होते. मला गप्प राहवलं नाही. बिस्किट खाता खाता मी म्हणालो, "पण हे खरं वाजवत नव्हते ना?"

तिघींनीही एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उंच बाईने हातातला मग खाली ठेवला.

"साठ वर्षं होत आली, आम्ही हेच ऐकतोय," ती म्हणाली. "आधी भावांनी ऐकवलं, नंतर नवऱ्यांनी. पुढे ती पोरं भांडली आणि स्वतः वाजवायला लागली, ते कोणी ऐकवत नाही. आणि जुळवून आणलं म्हणून काय झालं? तुमच्याकडे लग्नं तशीच होतात ना?"

माझ्या आईबाबांनी लग्नाआधी एकमेकांना एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांच्या बशीवरून. मी खाली मान घालून चहा प्यायलो, आणि खाली मान घातल्यामुळेच मला तो मग नीट दिसला.

कोरा. टवक्याचा. पुन्हा तोच.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं पोळलेलं होतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एका मित्राकडे अभ्यासाला जायचो. त्याची आई मला बाळा म्हणायची, वाढून वाढून खायला घालायची. पाणी एका स्टीलच्या ग्लासात द्यायची, आणि तो ग्लास मागच्या गॅलरीत, खिडकीच्या कठड्यावर पालथा असायचा. पाणी पिऊन झालं की तो मीच नळाखाली धुवायचा आणि परत तिथेच ठेवायचा, असं तिने पहिल्या दिवशी हसत हसत दाखवलं होतं. मला वाटलं, घराची शिस्त असेल. चौथ्या खेपेला दुसरा एक मित्र सोबत होता. त्याला तिने स्वयंपाकघरातला ग्लास दिला, आणि तो धुवायला त्याला कोणी सांगितलं नाही. मी पुन्हा त्या घरी गेलो नाही. काही विचारलंही नाही. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, ते म्हणायचे, "चहा कोण देतो ते नको पाहू. कशात देतो ते पाहा."

आता मी पाहायला लागलो. आमच्या धंद्यात एकदा दिसलेल्या दोषाला कोणी विचारत नाही. तो पुन्हा पुन्हा घडवून दाखवावा लागतो. चौथ्या शनिवारी चहा झाल्यावर मी माझा मग उचलून बाकीच्या भांड्यांबरोबर डिशवॉशरमध्ये ठेवला. बाई लगबगीने आल्या आणि तो काढून घेतला. सिंकमध्ये हाताने धुतला, वेगळ्या फडक्याने पुसला आणि खिडकीजवळच्या हुकाला टांगला. इतर मग कपाटात. हा एकटा बाहेर.

पाचव्या शनिवारी मी चहा स्वतः ओतायला घेतला आणि मुद्दाम उंच बाईचा मग उचलला. "अं हं, तो नाही, लव्ह," बाई म्हणाल्या आणि हुकावरून पांढरा काढून माझ्या हातात दिला. आवाज अगदी गोड. मित्राच्या आईचाही गोडच होता. माझे कान तापले. हजारो मैल लांब येऊन, व्हिसाच्या फिया भरून, आडनावाचा अर्थ कोणाला कळत नाही अशा गावात राहून शेवटी पुन्हा खिडकीतलंच भांडं वाट्याला आलं होतं. यांना जात माहीत नसेल, पण रंग तर दिसत होता.

त्या संध्याकाळी लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या ताईला फोन केला. ताई माझी मोठी बहीण, आठ वर्षांपासून इथे.

"जय भीम. काय झालं? आवाज का असा?"

मी सांगितलं.

"अरे, पण तू डायरेक्ट विचारलंस का तिला?"

"असं कोणी विचारतं का, ताई?"

"नाही रे. आपण नाही विचारत. आपण जाणं बंद करतो." ती म्हणाली. "माझ्याकडे ती छोटीशी बॉक्सरूम रिकामीच आहे. नोटीस देऊन टाक, इकडून कम्यूट कर. पण जायच्या आधी तिला एकदा आस्क कर, म्हणजे आयुष्यभर डोक्यात राहणार नाही."

नोटीस मी कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. बाई कागद घेऊन वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"आमच्या गाण्यांमुळे का?"

"नाही. ऑफिसने मला क्रॉयडनला टाकलंय." साफ खोटं.

"लोकांना वाटतं आम्ही वेड्या आहोत," त्या म्हणाल्या आणि हळूहळू जिना उतरून गेल्या. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला. आठवड्याभरात एक केरळची नर्स खोली पाहून पसंत करून गेली.

माझा शेवटचा शनिवार आला. बॅगा भरून जिन्याखाली ठेवल्या होत्या. खालून हाक आली. चहा प्यायचा नाही असं ठरवूनच मी गेलो. पांढरा मग माझ्या जागेसमोर वाफाळत होता. मी हात लावला नाही. टीव्हीवर ती चार पोरं कोणापासून तरी पळत होती.

"थंड होतोय," उंच बाई म्हणाली.

"हाच मग मला का देता?" मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला. "तुमचे तीन वेगळे. माझा वेगळा. तो वेगळा धुता, वेगळा टांगता. का?"

बुटक्या बाईने रिमोट दाबून पोरांना जागच्या जागी थांबवलं. घरमालकीण बाई उठल्या, चहा सिंकमध्ये ओतला, तो मग पुसला आणि थोडासा पडदा सारून खिडकीपाशी नेला.

"इकडे ये. असा तिरका धर."

मी धरला. उजेडात पांढऱ्यावर काहीतरी पिवळसर दिसलं. गालाची एक रेघ. कपाळावरच्या केसांची कड. एक कान.

"आम्ही चौघी होतो," त्या म्हणाल्या. "एका वर्गातल्या. टीव्ही फक्त चौथीच्या घरी होता, म्हणून शनिवारी तिच्याकडे जमायचो. भांडणं नकोत म्हणून चौघींनी चार पोरं वाटून घेतली. हे मग आम्ही पन्नाशीत घेतले, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. आम्ही तिघींनी ते जपले, शनिवारखेरीज काढत नाही. ती बया मात्र रोज यातूनच प्यायची. धुऊन धुऊन तिचा पोरगा पुसला गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. शेवटची तीन वर्षं ती वर राहायची, तुझ्याच खोलीत. डिशवॉशरमध्ये टाकला तर आहे तेवढंही जाईल."

"तुला तो द्यायचा की नाही, यावर आम्ही मतं घेतली होती," उंच बाई टीव्हीकडे पाहत म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं. मला वाटलं, तू आम्हाला हसायला येतोस."

मला लाज वाटली. इतके महिने मी त्यांची परीक्षा घेत होतो, आणि त्या माझी.

"तुला काय वाटलं होतं?" घरमालकीण बाईंनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण एकदा विचारून बसलो होतो, आता उत्तर देणं भाग होतं. इंग्रजीत त्या गोष्टीला नेमके शब्द सापडेनात, म्हणून फक्त ग्लास सांगितला. तो कुठे ठेवलेला असायचा, कोणी धुवायचा, दुसऱ्या मित्राला कोणता मिळाला. माझं बोलून झालं तर बुटकी बाई कानाला हात लावून म्हणाली, "सॉरी, मला नीट ऐकू नाही आलं."

जी गोष्ट मी घरातही कुजबुजत सांगितली होती, ती बेसिंगस्टोकच्या बैठकीच्या खोलीत मला ओरडून सांगावी लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड आवळत गेलं. "घाणेरडी बाई," ती म्हणाली. तेवढंच. मला तेवढं पुरलं.

त्या घरातल्या ग्लासाच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. या घरातल्या मगाच्या बाबतीत चुकलो होतो. बाहेरून दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसल्या, त्याला मी काय करू?

बाईंनी पुन्हा चहा ओतला. मी प्यायलो. संपल्यावर उठलो आणि म्हणालो, "हा मी धुतो."

त्या घुटमळल्या. सिंकखालून मऊ स्पंज काढून दिला, आणि मी धूत असताना शेजारी उभ्या राहिल्या, संशयाने, माझ्या हातांवर नजर ठेवून. परक्याच्या घरी स्वतःचं भांडं मी पूर्वीही धुतलं होतं. इतक्या जपून कधी नाही.

खोली मात्र गेली. नर्सला शब्द दिला होता, आणि तो मोडा असं मी म्हणणं शोभलं नसतं. आता मी ताईच्या बॉक्सरूममध्ये राहतो आणि दुसऱ्या शनिवारी दोन गाड्या बदलून बेसिंगस्टोकला जातो. गाणी अजून फारशी आवडत नाहीत. पुसल्या गेलेल्या पोराच्या ओळी आल्या की तिघी माझ्याकडे बघतात, तेव्हा गातो.

तो मग धुतला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी नागपूरला फोन करून बाबांना सगळं सांगितलं. तो मग मी स्वतः धुतला असं म्हटल्यावर त्यांनी "तिथेही?" असं विचारलं, म्हणून पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं.

"विचारलं तू?" ते म्हणाले.

"हो. सगळ्यांसमोर."

"बरं केलं." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "कचेरीत माझाही कप वेगळा होता. मी नाही विचारलं कधी. तीस वर्षं. मला उत्तर ठाऊक होतं."

मग त्यांनी विचारलं, "आता पुढच्या महिन्यात जाशील का?"

"जाईन."

"जा. अन् ते नवीन पोरगी राहायला येणार ना, नर्स," बाबा म्हणाले, "तिला चहा कशात देऊन राहिले, ते पाहा."