कुठला डबा?

"डबा मारतोय," कॅमेरामन म्हणाला.

आमच्या धंद्यात 'मारतोय' म्हणजे वस्तूवर पडलेला लाईट उलटा फिरून लेन्समध्ये घुसतो. पडद्यावर त्या जागी नुसता पांढरा डाग दिसतो.

अंधेरीच्या एका स्टुडिओत आगगाडीचा सीन लागला होता. पन्नास सालच्या पुढची गोष्ट. गाडी कसली, लाकडी खोकाच तो. कॅमेऱ्याला आत बघता यावं म्हणून एक भिंत काढलेली. खाली मोटारीच्या जुन्या स्प्रिंगा. बाहेरून माणसं बांबू घालून हलवणार, की झाली गाडी चालू. मी तिथला प्रॉपर्टी मास्टर. खिळे मारून बसवलं ते सेटिंगवाल्यांचं, नटाने हातात घेतलं ते माझं. ट्रंक माझी, सुरई माझी, हिरॉईनच्या मांडीवरचा पितळी डबाही माझा. सासरी निघालेली पोर गाडीत डबा उघडते आणि आईच्या हातची भाकरी बघून रडते, असा सीन. म्हणजे अख्खं रडणं त्या डब्यावर टेकलेलं.

हिरॉईन बाई दुसऱ्या दिवशी मद्रासला निघणार होत्या, दुसऱ्या पिक्चरसाठी. आज शॉट झाला नाही तर सीन हातचा गेला.

जेवणाची सुट्टी झाली. चमक मारायला काजळी लागते आणि ती असते सेटिंगच्या पेंटरकडे. तो धाकू, मालवणकडचा, जोगेश्वरीला राहणारा. गाडीला टेकून विडी ओढत होता. मी फ्लोअरच्या या टोकावरून ओरडलो, "धाकू, डबा चमकतोय. डल करून टाक."

"सगळो?"

"सगळा. कुठून दिसेल सांगता येत नाही."

"भितरसून पण?"

"आतून तर पहिला. उघडाच असणार तो."

"मदतीक माणूस व्हयो."

"एका डब्याला माणूस? हात मोडले काय रे तुझे?"

"तुमका बोलूक काय जाता," असं पुटपुटत तो बादली आणायला गेला.

मी जेवून आलो तर धाकू घामाघूम. गाडीचा अख्खा डबा काळाकुट्ट. सरसाच्या पाण्यात काजळी कालवून पठ्ठ्याने भिंती, छत, बाकं, काही सोडलं नव्हतं. सगळं ओलं. आणि माझा पितळी डबा टेबलावर तसाच लखलखत बसलेला.

मला असा राग आला की मी साबणाची वडी घेतली आणि पितळी डब्याला चोळायला बसलो. साबणाचा थर बसला की चमक मरते. निदान माझं काम तरी पुरं.

तेवढ्यात डायरेक्टर साहेब आले. दादरचे, बी.ए. झालेले. गाडी बघून आधी इंग्रजीत ओरडले, मग मराठीत. "कोण हा गाढव? आत्ताच्या आत्ता काढून टाका त्याला!"

धाकू खाली मान घालून उभा. त्याच्या एकट्याच्या कमाईवर घर होतं.

मी म्हटलं, "साहेब, मी डबा सांगितला, त्याने डबा केला. प्रॉपर्टीत डबा म्हणजे भाकरीचा, सेटिंगमध्ये डबा म्हणजे गाडीचा."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी कशी? मी बरोबर बोललो, त्याने बरोबर ऐकलं. काढायचं तर दोघांना काढा."

बाई मेकअप करून आल्या, दारातच थांबल्या. "अगं बाई, गाडीला सुतक आलंय काय? हे बघा, मी उद्या नाही हं. करायचं ते आज करा."

कॅमेरामन गाडीत डोकावून आला. तो म्हणाला, "साहेब, बोगद्यात घेऊ. खंडाळ्याचा घाट लागला समजा. खिडक्यांना काळं कापड मारतो, एकच दिवा ठेवतो. भिंती दिसायच्याच नाहीत."

"मग दिसणार काय?"

"बाईंचं तोंड आणि डबा. तो मात्र झकास चमकला पाहिजे. भाकरीचा."

इथे माझी वाट लागली. कँटीनमधून चिंच मागवली. धाकूला हाक मारली आणि दोघं घासायला बसलो. तो हळूच म्हणाला, "आता ह्योच डबो मां? नक्की?"

"घास गप."

बाकावर घोंगडी टाकली. बाई ओल्या भिंतीपासून वीतभर पुढे बसल्या. माणसांनी बांबू दाबले, गाडी हलली, बाईंनी डबा उघडला. त्या उजेडात भाकरी बघून बाहेरचा बांबूवालासुद्धा नाक ओढायला लागला. पहिल्याच टेकला ओके.

साहेबांनी धाकूचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, मीही आलो.

पिक्चर लागलं तेव्हा पेपरात कुणीतरी लिहिलं, अंधारात चमकणारा तो डबा म्हणजे आईची माया. असेल. मला विचाराल तर चिंच.

चूक माझी नव्हती, हे मी अजून म्हणतो. पण तेव्हापासून काम सांगताना वस्तूचं नुसतं नाव घेत नाही. उठून जातो, वस्तूवर हात ठेवतो आणि मग ओरडतो.