बूच

टापावेरा गावच्या पाइप बँडमध्ये नवीन माणूस आला की त्याला मर्व्ह गेडिसकडे धाडायची पद्धत होती. मर्व्ह अठ्ठावन्न वर्षांचा, मांसाच्या कारखान्यात फोरमन. दर मंगळवारी हॉलच्या कोपऱ्यात हीटरजवळ बसून तो नवशिक्यांना सरावाची साधी नळी शिकवायचा. बॅगपाइपची पिशवी नंतर, आधी बोटं. "रोज वीस मिनिटं. कंटाळा आला तरी नळी हातात घ्यायचीच," तो सांगायचा, आणि इतक्या तळमळीने सांगायचा की समोरच्याला आपल्याच आळसाची लाज वाटावी.

स्वतः मर्व्हने मात्र अकरा वर्षं सूर काढला नव्हता; शिकवतानाही तो नुसती बोटं ठेवून दाखवायचा.

झालं असं होतं की एकदा खांदा धरला, दोन महिने सराव सुटला, फुंक गेली. तेवढ्यात मिरवणूक आली. जुन्या बँडप्रमुखाला रांगेत आठ माणसं हवी होती, मर्व्हला सोडून सातच भरत होती. तो म्हणाला, "एवढ्या वेळेला बूच मार, मर्व्ह. नुसती बोटं हलव." बॅगपाइपच्या नळ्यांत सूर काढणाऱ्या पातळ पत्त्या असतात; त्या पत्त्यांना बूच मारलं की पिशवी कितीही दाबा, आवाज निघत नाही. लांबून बघणाऱ्याला काय कळतंय? मिरवणूक छान झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या काही मर्व्हच्या वाट्याला आल्या. पुढच्या मिरवणुकीला त्याने कुणी न सांगताच बूच मारलं, आणि मग ते तसंच राहिलं. हे फक्त शोनाला, नव्या बँडप्रमुखाला, ठाऊक होतं. तिलाही रांग भरलेली हवी होती.

बायकोला, नोलीनला, तो सांगायचा, घरी कशाला वाजवू, हॉलमध्ये पुरेसं होतं गं. हॉलमध्ये तो शिकवायचा. शिकवून दमलो म्हणायचा. स्वतःशी इतकं सफाईने खोटं बोलणारा माणूस वाईट नसतो.

दोन वर्षांपूर्वी रेविन आली. एक्कावन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी, नवरा गेल्यावर घरातली शांतता सहन होईना म्हणून शिकायला आलेली. तिने मर्व्हचा शब्द न् शब्द पाळला. सकाळची मुलं सोडली की शाळेमागे बस उभी करून सराव करायची. थंडीत हातमोजे कापून बोटं मोकळी ठेवायची. "तुझी आठवण काढते नि नळी उचलते," ती म्हणायची, आणि मर्व्ह बुटांकडे बघत राहायचा.

यंदाच्या शेतीप्रदर्शनात ती पहिल्यांदा बँडबरोबर चालणार होती. सूर जुळवताना तिच्या पिशवीचा दाब ढळला, आवाज दोनदा किंचाळला. शोनाने ऐकलं आणि सरळ सांगितलं, "रेविन, आज तू बूच मार. पुढच्या वर्षी बघू."

रेविन मेंढ्यांच्या कठड्यांमागे गेली. मर्व्ह मागोमाग गेला. ती रडत नव्हती, पण मान लालभडक झाली होती.

"दोन वर्षं, मर्व्ह! आणि शेवटी काय, शोभेची बाहुली."

"अगं, पहिल्यांदा होतं असं."

"तुला बूच मारायला लावलं होतं कधी?"

हीच ती वेळ होती. एक 'हो' म्हटलं असतं तर त्या बाईचं ओझं अर्धं झालं असतं. मर्व्हने तोंड उघडलं आणि म्हणाला, "नाही."

"तेच तर. फक्त मलाच," रेविन म्हणाली आणि पत्त्यांना बुचं लावायला लागली.

शोनाने दोघांना तिसऱ्या रांगेत शेजारी उभं केलं. बँड निघाला. स्वतःचा आवाज नसल्यामुळे रेविनला आजूबाजूचं स्वच्छ ऐकू येत होतं. समोरून आवाज, उजवीकडून आवाज. डावीकडे मर्व्ह, आणि तिकडे काहीच नाही. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचे गाल सपाट होते, फुंक नव्हतीच. तेवढ्यात बँडने यंदा बसवलेली नवी धून धरली. रेविनची बोटं बिनआवाजाची, पण बिनचूक त्या धुनेवर गेली. मर्व्हची बोटं जुनीच धून वाजवत राहिली. नवी त्याने कधी बसवलीच नव्हती. तिची नजर आपल्या बोटांवर आहे हे त्याला कळलं. मैदानाची अख्खी फेरी बाकी होती, आणि थांबताही येत नव्हतं. कानशिलं तापली. लोक टाळ्या वाजवत होते.

मिरवणूक मोडल्यावर तिने एवढंच विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा."

ती बॅगपाइपची पेटी उचलून निघून गेली.

रविवार मर्व्हने कसाबसा ढकलला. ही बाई आता वाजवणं सोडणार आणि ते पाप आपल्या माथी येणार, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. सोमवारी दुपारी कारखान्यातून सुटी घेऊन, शाळा सुटायच्या आधीच तो शाळेमागे गेला. तिची समजूत घालायची, पाया पडायची वेळ आली तरी चालेल, असं ठरवून.

बसमधून नळीचा आवाज येत होता. नवी धून. मध्येच चुकली, मागे जाऊन पुन्हा धरली. मर्व्हने काचेवर टकटक केली. दार उघडलं.

"कठड्यांमागे मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आता सोडशील."

"का सोडू? तुझ्यासाठी वाजवत होते की काय मी?" रेविन चिडली नव्हती. ते त्याला जास्त लागलं. "बुचाचं मला काही नाही रे. पण मी तिथे लाजेने मरत होते आणि तू बघत उभा राहिलास."

शाळेची घंटा झाली. मुलं चढायला लागली तसा तो बाजूला झाला.

घरी येऊन त्याने गॅरेजमध्ये नळी काढली. पहिले चार सूर धड निघाले नाहीत. करंगळी वळेना, तिसऱ्या मिनिटाला धाप लागली. तरी तो फुंकत राहिला. फाटका, ओबडधोबड आवाज भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात जात होता.

"अरे मर्व्ह," नोलीनने तिकडून ओरडून विचारलं, "कुणाला आणलंयस शिकवायला? बिचाऱ्याला काहीच येत नाही वाटतं!"

मर्व्हने नळी तोंडातून काढली.

"मीच आहे, नोलीन," तो म्हणाला.