नाव न घेता केलेली प्रार्थना

काळजी कागदावर उतरवून प्रभूच्या स्वाधीन करावी, हे मला आमच्या चर्चच्या पाळकीणबाईंनी शिकवलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी नाशिकला ख्रिस्ती वस्तीतल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा वारलेला, पदरात एकच मुलगी. तिला शिंक आली तरी माझ्या डोक्यात पुढचं सगळं उभं राहायचं, डॉक्टरपासून दफनभूमीपर्यंत. पाळकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही याद्या तर करताच. मग काळज्यांचीही करा. लिहा, प्रार्थना करा आणि वही मिटा."

मी वही घातली. मधोमध रेघ आखली. डावीकडे काळजी, उजवीकडे उत्तर मिळाल्याची तारीख. ही पद्धत मला इतकी मानवली की बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेतही मी ती आणली. कुणी कशासाठी प्रार्थना करायची याच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशीच तयार असत. बाईंमुळे सभा वेळेवर सुटते, असं सगळ्या म्हणत आणि मला ते आवडे.

शेजारी माझ्यासारखीच एक विधवा राहायची. घोटीकडची, शिवणकाम करणारी. मी तिला वहिनी म्हणे. तिच्या मुलीचं लग्न चांदवडच्या एका शाळामास्तराशी ठरलं होतं. लग्नाची यादी, जाजमांपासून पातेल्यांपर्यंत, मीच करून दिली होती. एका दुपारी तिने मशीन थांबवलं.

"बाई, पोरीला रोज संध्याकाळी कणकण येते. खोकते पण. मला क्षयाची लय भीती वाटते. तुमच्या वहीत लिहा. पण कुठं बोलू नका."

"मी कशाला बोलू?"

"नाय, आपलं सांगितलं."

मी लिहिलं, पण या वेळी वही मिटून भागेना. तिची मुलगी आणि माझी मुलगी दर रविवारी उपासनेत एकाच गीतपुस्तकातून गात, डोक्याला डोकं लावून. मी माझ्या मुलीच्या कपाळाला दिवसातून चारदा हात लावू लागले. "आई, नाहीये गं माझं अंग गरम," ती वैतागून म्हणे. मी गुडघे टेकून प्रार्थना करी आणि उठून पुन्हा हात लावी.

बुधवारच्या सभेत डोळे मिटले आणि चिठ्ठीवर नसलेलं बोलून गेले. "प्रभो, आमच्यातल्या एका आईची मुलगी, जिचं लग्न ठरलं आहे, तिचा संध्याकाळचा ताप आणि खोकला तू दूर कर." नाव घेतलं नाही. त्या वर्षी वस्तीत लग्न एकच ठरलेलं होतं, आणि नवऱ्या मुलाची आत्या माझ्यापासून दोन बायका सोडून बसली होती. 'आमेन' म्हणताना मला फार हलकं वाटलं. ते हलकं वाटणं आठवलं की अजूनही मान खाली जाते. डोळे उघडले तेव्हा वहिनी माझ्याकडेच बघत होती.

आठवड्याच्या आत चांदवडहून निरोप आला. डॉक्टरचं पत्र मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं होणार नाही.

मी वहिनीकडे गेले. ती काजं करत होती. मान वर केली नाही.

"वहिनी, मी प्रार्थनाच केली हो. नावसुद्धा घेतलं नाही."

"नावाचं काय राहिलं होतं? पत्ता तेवढा सांगितला नाय तुम्ही."

"चुकले मी. माफ करा."

"बोललात वीस बायकांत, आन् माफी इथं चुलीपाशी?" तिने दाताने दोरा तोडला. "एक खरं सांगा बाई. ती प्रार्थना माझ्या पोरीसाठी होती का तुमच्या?"



पुढच्या बुधवारी मी उभी राहिले. काय बोलायचं ते चिठ्ठीवर तीन मुद्द्यांत लिहून नेलं होतं. वहिनीने विश्वासाने सांगितलेलं मी फोडलं, हा पहिला. भीती मला माझ्या मुलीसाठी वाटत होती आणि ती हलकी करायला मी दुसरीची मुलगी वापरली, हा दुसरा.  सगळ्यांसमोर माफी मागायचा तिसरा मुद्दा न बोलताच मी खाली बसले. आत्याबाईंनी पदर सारखा केला, कुणीतरी खोकलं, आणि पाळकीणबाईंनी गीत सुरू केलं.

डॉक्टरांनी वहिनीच्या मुलीला तपासून हिवताप सांगितला. क्विनीनने पंधरा दिवसांत ताप गेला. पत्र चांदवडला पोचलं आणि लग्न महिनाभर उशिरा का होईना, पण झालं. स्वयंपाकाच्या मांडवात माझीच यादी फिरत होती, माझ्याच अक्षरातली. हातात मात्र आत्याबाईंच्या होती. मला कुणी कामाला बोलावलं नाही. मी पाहुण्यांच्या पंगतीत बसले. वहिनी लाडू वाढत आली, "घ्या बाई," म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

त्यानंतर तिने मला वहीत लिहायला कधी काही सांगितलं नाही. आता वहीत फक्त माझ्याच काळज्या असतात, आणि दार लावून मी त्या प्रभूपुढे वाचते. कधी वही मिटते, कधी मिटत नाही. त्या मुलीच्या तापासमोरची उजवी बाजू मी कोरीच ठेवली आहे. ताप उतरला, पण तिथे तारीख घालायला माझा हात होत नाही.