बोलण्याच्या तारा

भिवंडीत मी यंत्रमागावर होतो तेव्हाचा खडखडाट अजून कानात आहे. पुढे माग बंद पडले आणि मी ठाण्यात एका स्कॅन सेंटरला मदतनीस म्हणून लागलो. पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा वाटलं, इथेही विणकामच चाललंय की!

फार चुकलो नव्हतो. हे मशीन मेंदूतल्या तारांचा नकाशा काढतं. डोक्यात गाठ असली की ऑपरेशनआधी डॉक्टरांना बघावं लागतं, कुठली तार कुठून जाते. बोलण्याच्या तारेला धक्का लागला तर माणसाची वाचा जाते. त्या भीतीनेच लोक येतात. अंगावरचं सगळं धातूचं माझ्या ट्रेमध्ये काढून ठेवतात आणि नंबर येईपर्यंत माझ्याशी बोलत बसतात. जाताना वस्तू घेऊन जातात. किस्से माझ्याकडेच साठत राहतात.

*

दिवा गावची एक बाई मंगळसूत्र काढायलाच तयार नव्हती. नवरा समजावून थकला. मी दुसऱ्या दिवशी या म्हटलं आणि घरून पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून आणलं. तिने ते गळ्यात घातलं आणि निमूट आत गेली.

आता माझ्या खणात दोऱ्यांची गुंडाळी असते. नवीन बाया रिसेप्शनवर डॉक्टरांची चौकशी करायच्या आधी विचारतात, "हळकुंडवाले काका आहेत का?"

*

कल्याणच्या एका वायरमनला आमच्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर त्याच्याच मेंदूचं चित्र दाखवलं. लाल, हिरव्या, निळ्या तारांचे झुबकेच्या झुबके. तो स्क्रीनजवळ वाकला.

"एवढं वायरिंग आणि फ्यूज कुठेच नाही?"

मॅडम म्हणाल्या, नाही.

"तरीच आमचे शेट एकदा तापले की थंड होत नाहीत."

*

घोडबंदर रोडच्या एका बाईंनी हळूच विचारलं, ह्यांच्या मनात काय चालतं ते यात दिसेल का? मॅडम म्हणाल्या, रस्ते दिसतात, त्यावरच्या गाड्या दिसत नाहीत.

"आमच्या रोडवर उलटं आहे," बाई म्हणाल्या. "गाड्याच दिसतात."

*

शीळफाट्याकडचे दोन भाऊ आले होते. धाकट्याच्या डोक्यात गाठ, बोलण्याच्या तारांना अगदी चिकटून. सहीला घरचं माणूस हवं म्हणून थोरला आलेला. दोघांमध्ये अकरा वर्षं अबोला. बसले एकाच बाकावर, पण बोलायचे माझ्यामार्फत.

"ह्याला सांगा, अंगठी काढ."

"त्यांना सांगा, काढली."

मी मध्ये उभा. दोघांना सगळं ऐकू येत होतं, तरी मी प्रत्येक निरोप पोचवला.

नकाशा निघाला, ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅनला आले. धाकटा आत तपासणीला गेला आणि थोरला माझ्याजवळ आला.

"बोलतो का हो तो?"

मी म्हटलं, तुम्ही घरचे, तुम्हाला माहीत असायला हवं.

"माझ्याशी बोलत नाही ते ऑपरेशनमुळे की आधीचंच, मला कसं कळणार?"

आत मॅडम त्याला चित्रं दाखवून नावं विचारत होत्या. दार अर्धं उघडं होतं. थोरला दाराशी जाऊन उभा राहिला. आतून एकेक शब्द येत होता. कात्री. छत्री. मग बराच वेळ काही नाही. थोरल्याने चौकट धरली. मग आलं, कंदील.

मॅडम म्हणाल्या, आता मनाने एखादं पूर्ण वाक्य बोला. काहीही चालेल.

तो सावकाश बोलला, पण अडखळला नाही.

"बाहेर दादा उभा आहे. त्याचे गुडघे दुखतात. त्याला खुर्ची द्या."

मी खुर्ची उचलून दाराशी नेऊन ठेवली. थोरल्याने खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला. मग हात काढला, "म्हणजे आधीचंच," एवढं मला म्हणाला आणि जिन्याकडे चालत गेला.