वरची तार

भांड्यांच्या कारखान्यात पत्र्याची झाकणं ठोकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून लोक त्याला झाकणवाला म्हणायचे. बायको चिडली की तीही म्हणायची. तो हसून म्हणायचा, माझ्यावाचून जगातली निम्मी पातेली उघडी पडतील, आणि जेवायला बसायचा. सरळ नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी बसमधून उतरायचं, हमरस्त्यावरचा पादचारी पूल ओलांडायचा आणि भोंगा व्हायच्या आत फाटकातून शिरायचं, एवढाच त्याचा रस्ता. त्या वेळी पुलावर मुंगी शिरायला जागा नसायची. सगळे खाली मान घालून एकाच दिशेने चाललेले, एकाचा डबा दुसऱ्याच्या बरगडीत.

पुलाच्या जिन्याखाली एक बाई व्हायोलिन वाजवायची. पन्नाशीची, करडा स्वेटर, हनुवटीखाली रुमालाची घडी. किती वर्षं वाजवत होती कोण जाणे. झाकणवाल्याने तिला पाहिलं असणारच, पण रोजचा विजेचा खांब पाहावा तसंच.

एके सकाळी जिन्याच्या पायथ्याशी कुणाची तरी हातगाडी उलटली आणि गर्दी जागच्या जागी थिजली. झाकणवाला नेमका त्या बाईच्या डोक्यावरच्या पायरीवर अडकला. ना पुढे जाता येईना ना मागे, म्हणून ऐकणं भाग पडलं. खालच्या तारेवरून, जाडसर आवाजात, चाल सुरू झाली आणि दमेकरी माणूस चढण चढतो तशी थांबत थांबत वर गेली. अगदी टोकाला जाऊन सूर इतका बारीक झाला की त्याने श्वास रोखून धरला. कारखान्यात त्याच्याशी लोक ओरडून बोलत, घरी कामं करता करता बोलत. इथे कुणीतरी मुळीच घाई न करता बोलत होतं. गाडी उचलली गेली, मागच्याने पाठीत ढोसलं, तो खाली उतरला. फाटकाशी पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपले डोळे भरून आलेत. पाणी डोळ्यांत वाऱ्याने आलं, असं त्याने शेजारच्याला सांगितलं.

त्यानंतर तो एक बस आधीची धरू लागला. बायकोने कारण विचारलं तेव्हा कामाचा रेटा आहे म्हणाला. व्हायोलिन ऐकायला जातो हे सांगायची त्याला लाज वाटली. जिन्याच्या कठड्याला टेकून तो ती एक चाल पुरी ऐकायचा, मान किंचित हलवायचा आणि निघायचा. बाईही मानेनेच उत्तर द्यायची.

असं बरेच महिने चाललं. मग त्याला वाटू लागलं की बाई हात आखडता घेतेय. चाल वर चढायची, आणि टोकाशी पोहोचायच्या आतच विझायची. गज हललेला दिसायचा, बोटं तारेवर नाचताना दिसायची, आवाज मात्र नाही. आधी त्याने मनावर घेतलं नाही. मग त्याला राग येऊ लागला. शेवटी एकदा चाल संपल्यावर तो पुढे झाला.

"बाई, तो शेवटचा बारीक भाग तुम्ही हल्ली वाजवत नाही."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. तिने तेवढाच भाग पुन्हा वाजवला, नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवून. गज हलला. बोटं हलली. बाजूने चाललेली एक बाई चालता चालता थबकली, वळून पाहून हसली आणि पुढे गेली.

"काय काम करता तुम्ही?" वाजवणारीने विचारलं. त्याने न कळून हात कानामागे नेला, तेव्हा तिने तेच मोठ्याने विचारलं.

"प्रेसवर असतो. पत्रा ठोकतो."

"मी वाजवतेय," ती म्हणाली. "एकदा कान दाखवून या."

त्याला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्याने पूल सोडला. दुसऱ्या दिवसापासून तो गाड्यांच्या मधून, जीव मुठीत धरून, खालूनच रस्ता ओलांडू लागला. डॉक्टरकडे गेला नाही. बहिऱ्या माणसाला प्रेसवर ठेवत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि प्रेसशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. मग त्याने सोंग सुरू केलं. लोकांचे ओठ पाहायचे, माना पाहायच्या. स्वयंपाकघरातून बायको काही बोलली की "बरं" म्हणायचं. कारखान्यात वर्षाची तपासणी व्हायची तेव्हा कानांवर यंत्र चढवत, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडचा तपासनीस दर आवाज सोडताना डावा खांदा जरासा उचलायचा. झाकणवाल्याने त्या खांद्यावर नजर ठेवली आणि ठणठणीत ठरून बाहेर आला. त्या दिवशी त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

त्याच्या प्रेसवर समोर त्याचा मेव्हणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला चिकटवलंही यानेच. मोठ्या झाकणांना दोन माणसं लागत. मेव्हण्याने पत्रा साच्यात सरकवायचा आणि "हां" म्हणायचं, की झाकणवाल्याने पायाखालची पट्टी दाबून प्रेस खाली आणायची. "हां" ऐकू येईनासं झालं, तसा झाकणवाला मेव्हण्याच्या मानेकडे पाहू लागला. "हां" म्हणताना त्याची मान खाली जायची. तेवढं पुरत होतं.

एके दुपारी झाकण साच्यात चिकटलं. मेव्हण्याने ते काढायला हात आत घातला आणि नीट दिसावं म्हणून मान खाली घातली. "थांबा दाजी," तो म्हणाला. मग तेच ओरडून म्हणाला. तीन यंत्रं पलीकडचा माणूस ते ऐकून धावत सुटला. झाकणवाल्याने मान खाली गेलेली पाहिली आणि पट्टी दाबली.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशी झाली. यंत्र बंद न करता हात आत घातला, कामगाराचाच हलगर्जीपणा, असा निकाल साहेबाने तोंडी सांगून टाकला. मेव्हण्यालाही तसंच वाटत होतं. दवाखान्यातल्या पलंगावर पडल्या पडल्या तोच झाकणवाल्याची समजूत घालत होता. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार, तुमचा काय दोष, असं तो म्हणाला असावा. झाकणवाल्याला ओठांवरून तेवढं कळलं. तो खाली गेला, दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि पुष्कळ वेळ उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबासमोर उभं राहून सगळं सांगितलं. खांदा पाहून पास झालो हेही सांगितलं. साहेब काय म्हणाला ते त्याला नीट ऐकू आलं नाही, पण ऐकू यायची गरजही नव्हती. त्याला त्याच दिवशी काढलं. मेव्हण्याला हात बरा झाल्यावर फाटकावर बसवायचं ठरलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने आदळआपट केली नाही. समोर येऊन बसली, त्याला दिसेल असं तोंड करून.

"मला छातीत गाठ लागतेय, असं मी तुम्हाला स्वयंपाकघरातून सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही 'बरं' म्हणालात. मी एकटीच जाऊन आले."

काय निघालं, हे विचारायला त्याने तोंड उघडलं. तिनेच हात हलवून काही निघालं नाही असं सांगितलं आणि उठून गेली. त्यानंतर तिने त्याच्यावर कधी राग काढला नाही, पण कामापुरतंच बोलू लागली. बाकीचं बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि तसलं बोलणं ओरडून होत नाही.

एका सकाळी तो पुन्हा पुलावर गेला. आता वेळच वेळ होता. बाई तिथेच होती. तिने ओळखलं, त्याचा रिकामा हात पाहिला, डबा नव्हता. तिने ती चाल सुरू केली, आणि वर चढायची जागा आली तेव्हा वर न जाता तोच भाग खालच्या जाड तारेवर घेतला. त्याच्यासाठीच घेतला. सगळा ऐकू आला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण ते ते नव्हतं. तीच चाल कुणीतरी थकून, मन मारून म्हणावी तशी वाटली. बाईला वाईट वाटू नये म्हणून तो मान हलवत राहिला. लोक दोघांच्या मधून घाईघाईने जात होते. चाल संपल्यावर त्याने हात जोडले आणि तो निघाला. परत कधी गेला नाही.

मेव्हण्याची जखम चिघळली, ती अजून भरायचीय. त्याला पट्टी बदलायला न्यायचं काम झाकणवाल्याने आपणहून घेतलंय. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसतात. मेव्हण्याचा सदरा त्याला झाकणवाल्याने घातलेला असतो, बटणंही त्यानेच लावलेली. आतून नाव पुकारलं जातं तेव्हा झाकणवाला समोरच्या भिंतीकडे पाहत असतो. मेव्हणा डाव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटतो, आणि दोघं उठतात.